ताईंना धुराचा त्रास नव्हता

बातमी आली तेव्हा मी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात उभी होते. सकाळचे अकरा वाजले असतील. ब्लाउजला अस्तर हवं होतं, रंग जुळत नव्हता, दुकानदार चौथा तागा उलगडत होता आणि पर्समधला फोन वाजला. फोन झोईचा होता. झोई म्हणजे आमच्या कॉलनीच्या तोंडाशी छोटं कोरियन हॉटेल चालवणारी मिझोरामची मुलगी. ती मला कधी फोन करत नसे, तिचं जे काय बोलणं ते ताईंशी. "दीदी," ती म्हणाली, "सिस्टर उठ नहीं रहीं..." मी ऑटो करून पोचले तोवर जवळच्या डॉक्टरांनी नाडी बघितली होती. ताई भिंतीजवळच्या खुर्चीवर तशाच बसलेल्या, मान जराशी कललेली, मांडीवर हिरव्या पानांची परात, अर्धी पानं निवडलेली. हृदय थांबलं होतं. रोज सकाळी फिरून येताना त्या तिथं टेकायच्या आणि झोईबरोबर पानं निवडायच्या. त्या सकाळी हॉटेलातली एकही शेगडी पेटलेली नव्हती. कोळसा अजून पोत्यातच होता. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते आहे, कारण पुढं जे काही बोललं गेलं ते ऐकून माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

ताई म्हणजे कुसुमताई, माझी थोरली नणंद. माझे सासरे भंडाऱ्याकडचे. कारखान्यातल्या नोकरीसाठी ते जबलपूरला आले आणि नंतर राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर महाराष्ट्रात गेलं, आमचं घर मध्यप्रदेशात राहिलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. ताई सरकारी दवाखान्यात नर्स झाल्या आणि जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात काढली. लग्न केलं नाही. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या यजमानांना, त्यांनीच वाढवलं, गढा भागातल्या भाड्याच्या खोलीत कंदिलाशेजारी बसवून अक्षरओळख करून दिली. मी नागपूरहून लग्न होऊन आले त्या दिवसापासून या घरात मला कुणी माणूस म्हणून विचारलं असेल तर ते ताईंनी.

दवाखान्यात त्यांना सगळे 'सिस्टर जी' म्हणत, रोगी त्यांच्या हातून औषध घ्यायला थांबून राहत, पण ड्युटी रूममध्ये सगळ्या नर्सेस एका टेबलावर जेवत आणि ताईंचा डबा खिडकीत. तसं कुणी कधी तोंडानं म्हटलं नाही. ताईंनी टेबलावर डबा ठेवला की बाकीच्यांची भूक मरायची, एवढंच. मग त्या खिडकीशी उभ्यानंच जेवू लागल्या. कित्येक वर्षं! आम्ही बौद्ध, विदर्भातून आलेले, हे त्या टेबलाला पक्कं ठाऊक होतं. हे मला त्यांनी फार उशिरा सांगितलं, तेही हसत. मला नाही हसू आलं. ज्या हातांनी रोग्यांच्या बेडक्याच्या वाट्या उचलल्या, मरणाऱ्यांची तोंडं पुसली, त्या हातांची भाजी चालत नव्हती म्हणे.

झोईचं हॉटेल तीन-साडेतीन वर्षांपूर्वी निघालं. सहा टेबलं. प्रत्येक टेबलाच्या मधोमध खळगा करून बसवलेली कोळशाची शेगडी, तिच्यावर जाळी, वर छतातून खाली आलेला धूर ओढणारा पाइप. झोई दिल्लीत कोरियन लोकांच्या हॉटेलात हे काम शिकली, नवरा फौजेत, त्याची बदली जबलपूरला झाली म्हणून ती इथं आली. पुढं नवऱ्याला सीमेवर पाठवलं, ती इथंच राहिली. बोर्ड पाहून ताई म्हणाल्या, "मंदा, चाल ना, पाहून तं येऊ." मी म्हटलं, या वयात? "काहून? या वयात दात हायेत ना माह्ये?"

आम्ही गुरुवारी गेलो. आमच्या भागात गुरुवारी बरेचजण मांसाहार करत नाहीत, त्यामुळं हॉटेल जवळजवळ रिकामं होतं. झोईनं कच्चं मांस आणून ठेवलं, पातळ लांब कापलेलं, आणि भोवती दहा-बारा लहान वाट्या मांडल्या. लसूण, मिरची, लाल चटणी, आंबवलेली कोबी. मी बावरले. ताई मात्र खूश! मांस शिजत आलं की ते कात्रीनं कापायचं असतं. झोई कापायला लागली तशी ताईंनी हात पुढं केला, "दे बेटा, कैंची मुझे दे." आणि असे सारखे तुकडे केले की झोई बघतच राहिली. खायच्या सळ्या त्यांनी दवाखान्यातल्या चिमट्यासारख्या पकडल्या, पहिल्याच फटक्यात तुकडा उचलला. मग पानात मांस, लसूण, चटणी घालून पुडी वळली आणि ती स्वतः न खाता माझ्या तोंडात कोंबली. पूर्ण एका घासात खायची असते, अर्धी तोडायची नसते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मिरचीनं. ताई पोट धरून हसल्या. तेवढ्यात झोईला त्यांनी हात धरून आमच्याच टेबलाशी बसवलं. एकच जाळी, तिघींच्या सळ्या. ताई जेवता जेवता मध्येच थांबल्या, जाळीकडं बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाह्य न मंदा, एकाच जाळीवरून खाऊन राहिलो आपण..." आणि पुढची पुडी झोईसाठी वळली. त्यानंतर गुरुवार चुकला नाही.

कॉलनीला हे बघवलं नाही. आधी कुजबुज, की हे लोक कुत्री खातात. मग वास. मग धूर. रस्त्यापलीकडं कचोरीच्या कढया सकाळपासून धुरतात, त्याबद्दल कुणाच्या नाकाची तक्रार नाही. कॉलनी समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाईसाहब म्हणतात, त्यांनी महापालिकेला अर्ज लिहिला. शेजारी एक वृद्ध महिला राहते, तिला श्वासाचा विकार आहे, धुरानं तिच्या जिवाला धोका आहे, सबब हॉटेल बंद करावं. वृद्ध महिला कोण? आमच्या ताई! खाली त्यांचं नाव, खाली सही. आठवड्याच्या आत हॉटेलला सील लागलं.

मग एक दिवस दुपारी पालिकेचा माणूस चौकशीला आमच्या दारात. "कुसुम जी यहीं रहती हैं? साँस की तकलीफ़ किसको है?" ताई जिना उतरून आल्या. त्या माणसानं अर्ज पुढं केला. ताईंनी चष्मा लावला, वाचला, दोनदा वाचला. सहीवर त्यांचं बोट थांबलं. मी शेजारीच उभी होते. त्यांचा चेहरा असा झालेला मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि त्या कशावर थांबल्या ते मला कळलं होतं.

"यह दस्तख़त मेरा नहीं है," त्या म्हणाल्या.

"तो किसका है, अम्माजी?"

ताईंनी अर्ज त्याच्या हातात परत दिला. "मालूम नहीं."

मग त्यांनी माझ्याकडून कागद मागवला आणि उभ्या उभ्या लिहून दिलं, की माझा श्वास ठीक आहे, मी आयुष्यभर छातीच्या वॉर्डात काम केलं आहे, दमा काय असतो ते मला कळतं, आणि मी त्या हॉटेलात दर गुरुवारी स्वतःच्या पायांनी जाते. तो माणूस म्हणाला, अम्माजी, घर में सलाह कर लीजिए. ताई म्हणाल्या, "घर की सलाह पढ़ ली मैंने, भैया." आणि त्याच्याबरोबर ऑटोत बसून कार्यालयात गेल्या, तिथं साहेबाच्या टेबलासमोर बसून राहिल्या, कागदावर शिक्का बसेपर्यंत उठल्या नाहीत.

ती सही माझ्या यजमानांची होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आमचं घर त्या गल्लीतलं एकटंच मराठी बौद्ध घर. वीस-बावीस वर्षं भाईसाहबांनी यांना समितीच्या बैठकीला बोलावलं नव्हतं. नुकतंच बोलावलं होतं, सहसचिव केलं होतं, आणि अर्ज पुढं सरकवून म्हणाले होते, दीदी का नाम रहेगा तो केस मज़बूत होगा. यांनी आमच्याच जेवणाच्या टेबलावर सही केली. मी भाजी चिरत होते. मी पाहिलं. मी म्हटलं, ताईंना विचारलं का? हे म्हणाले, "आपल्याले इथंच राहाचं हाये, मंदा." आणि मी पुन्हा भाजी चिरायला लागले. राग मी कॉलनीवर काढते, यांच्यावर काढते, पण त्या टेबलाशी सुरी धरून बसलेली बाई कोण होती? तिचं नाव मी कुठल्या अर्जात लिहू?

त्या संध्याकाळी ताई भावाच्या समोर येऊन बसल्या. आवाज चढवला नाही. "दिनू, तुह्या 'क' ची गाठ अजून तशीच निघते. पाटीवर तुहा हात धरून मीच काढून घेतला होता तो." हे मान खाली घालून बसले. "इचारलं असतं तं मी नाही म्हटलं असतं. म्हणून नाही इचारलं. हो ना?" ताई उठल्या, जिना चढून गेल्या. पुढं या विषयावर त्या घरात एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर तर नाहीच. पालिकेत पुन्हा दोनदा विचारणा झाली, दोन्ही वेळा 'मालूम नहीं.' हॉटेल उघडलं, पाइप छताच्या वर नेण्याच्या अटीवर. कॉलनीनं ताईंशी बोलणं टाकलं. बायका त्यांना बघून फाटक लावायच्या. ज्या घरात ताईंनी रात्री-अपरात्री जाऊन सलाइन लावलं होतं, त्या घराचंही फाटक! आणि हे सगळं बघत हे सहसचिव राहिले. बहिणीनं झाकलं, म्हणून हे झाकले गेले. राजीनामा तरी द्यायचा...

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर भरलं. वंदना झाली, चार माणसं चांगलं बोलली. दवाखान्यातल्या एका जुन्या वॉर्डबॉयच्या बायकोला तर बोलताच येईना, ती नुसती रडून बसली. झोई दाराशी चपलांजवळ उभी होती, तिला कुणी खुर्ची दिली नाही. शेवटी भाईसाहब उठले. हात जोडले, आणि सांगतात काय, "हम तो पहले ही कह रहे थे. दीदी भोली थीं, उस धुएँ ने ही उनको ले लिया." माणसांनी माना हलवल्या. मी यांच्याकडं पाहिलं. यांचीही मान हलली! सख्ख्या भावाची... कदाचित ती मान सवयीनं हलली असेल. मला तेव्हा एवढं समजून घेता आलं नाही, आजही येत नाही.

मी उठले. माझी हिंदी रागात मोडकी होते, तशीच बोलले. "भाईसाहब, उस दिन चूल्हा जला ही नहीं था. कोयला बोरी में था. दीदी का दिल बंद हुआ, फेफड़ा नहीं. और वो भोली नहीं थीं, आप सबसे ज़्यादा पढ़ी हुई थीं." मी दाराशी गेले, झोईचा हात धरून तिला आत आणलं आणि ताईंच्या फोटोसमोर, माझ्या जागेवर बसवलं. भाईसाहब चहा न घेता गेले. त्यांच्यामागून आणखी आठ-दहा गेले. जाऊ देत. राहिले त्यांच्यासाठी झोईनं घरून आणलेला भात पुरला.

सहीचं मात्र मी तेव्हाही बोलले नाही. ताईंनी वर्षभर दोन शब्दांखाली जे झाकून ठेवलं, ते चारचौघांत उघडं करायला जीभ उचलली नाही. त्यानंतर पाच आठवडे मी स्वतःशी भांडले. झाकणं हा ताईंचा हक्क होता, भाऊ त्यांचा होता. पण त्या गेल्यावरही त्यांच्या श्वासाबद्दल खोटं बोललं जातं आणि ज्याला खरं माहीत आहे तो मान हलवतो, तेव्हा ते झाकण आता कुणाच्या कामाचं? ताईंच्या तर नाही.

म्हणून हे लिहिलं. आमचं घर सोडलं तर कॉलनीत मराठी कुणालाच वाचता येत नाही, भाईसाहबांपर्यंत हे पोचणार नाही. नागपूरचे नातेवाईक वाचतील, त्यांना काय वाटायचं ते वाटो. खरं तर हे लिहिणं एकाच माणसासाठी आहे. ताई गेल्यापासून हे रोज दुपारी जिना चढून त्यांच्या खोलीत जातात, दार लावून घेतात आणि चार वाजेपर्यंत त्यांच्या पलंगावर बसून असतात. आत काय करतात ते मला माहीत नाही, मी विचारत नाही. हे जिथं छापून येईल ती मराठी वर्तमानपत्राची पुरवणी आमच्याकडं नागपूरहून एक दिवस उशिरा येते. आली की मी ती त्या पलंगावर, उशीशी, हे पान वर करून ठेवणार आहे, आणि खाली येऊन स्वयंपाकाला लागणार आहे. त्या दिवशी वरून हाक आली तर मी जिना चढेन.