सापडलं तर मजुरी नाही

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी दाजी म्हणतो, आणि माझं ऐकून सगळा रस्ता त्यांना दाजी म्हणायला लागला. त्या न्यायाने टपालवाला, औषधवाला आणि समोरच्या बँकेचा पहारेकरी हे सगळे माझ्या ताईचे भाऊ झाले. ताईची तक्रार एवढीच, की एवढे भाऊ असून एकही कधी हातात काही घेऊन येत नाही.

दाजींचं रफूचं दुकान आणि माझं चष्म्याचं दुकान यांच्यात एकच भिंत. त्यांचं दुकान म्हणजे एकाने बसावं, दुसऱ्याने उभं राहावं आणि तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढी जागा. खिडकीशी टेबल, त्यावर मान वाकवता येणारा दिवा, सुया टोचायची उशी, आणि मागे खिळ्याला अडकवलेला त्यांचा स्वतःचा करडा लोकरी कोट. लोक जळलेले, उंदराने कुरतडलेले, कशाला तरी अडकून फाटलेले कपडे घेऊन येतात. दाजी त्याच कपड्याच्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, एकेक धागा ओढून काढतात आणि त्याच धाग्याने भोक विणून टाकतात.

त्यांची एक पद्धत आहे. काम झालं की कपडा गिऱ्हाइकापुढे पसरायचा आणि म्हणायचं, "शोधा." रफू सापडलं तर मजुरी नाही. माणसं कपडा उजेडात धरतात, उलटा करतात, काही तर माझ्याकडे येऊन भिंग मागून नेतात. आजवर कुणाला सापडलेलं मी पाहिलेलं नाही. दाजी अशा वेळी खाली मान घालून सुया आवरत बसतात. त्या नम्रपणावर मी कधीच विश्वास ठेवला नाही.

असा हा माणूस रस्त्यावर हात पसरणाऱ्याला एक नाणं देत नसे. कंजूष म्हणावं तर तसंही नाही. शेजाऱ्याच्या मुलीच्या शाळेची फी त्यांनी गुपचूप भरल्याचं मला ठाऊक आहे. पण भीक म्हटली की हात आखडायचा. मी देतो. मी काही मोठा दानशूर नाही. कुणी समोर हात धरला की माझा जीव अवघडतो आणि नाणं टाकलं की सुटतो, एवढंच.

"तू त्यांना देत नाहीस," दाजी म्हणायचे, "तू स्वतःला सोडवून घेतोस."

"असेना. त्यांचं पोट तर भरतं."

"ठिगळ लागतं. दुसऱ्याचं कापड वरून चिकटवलेलं. ते त्या कपड्याचं कधीच होत नाही. माणसाचं फाटलेलं त्याच्याच धाग्याने भरायला हवं."

"आणि धागाच नसेल तर?"

"असतो. दुमडीत असतो. शोधावा लागतो."

ऐकायला हे फार छान वाटायचं. उत्तर ताईकडे असायचं. "यांना स्वतःला भूक लागली की धागाबिगा शोधत नाहीत," ती म्हणायची, "सरळ ताट मागतात."

समोरच्या बँकेच्या पायरीवर एक म्हातारी बसायची. अंगात पुरुषी मापाचा करडा कोट, आणि त्याची डावी बाही खांद्याखालून कोपरापर्यंत फाटून लोंबणारी. ती ओरडायची नाही, कुणाच्या मागे लागायची नाही. हात पुढे करून नुसती बघायची. बाजारामागच्या एका खोलीत तिने खाट भाड्याने घेतली होती. खाटेचे पैसे रोज संध्याकाळी द्यायचे. नाही दिले तर त्या रात्री खाट दुसऱ्या कुणाची. हे तिने लपवलेलं नव्हतं. विचारेल त्याला सांगायची.

दाजी रोज तिच्या समोरून जायचे आणि त्यांची नजर तिच्यावर नाही, त्या बाहीवर जायची. नीट न निघालेला काटा सलावा तशी ती बाही त्यांना सलत होती. थंडी वाढली तसे एका सकाळी ते थांबलेच.

"तो कोट द्या इकडे."

"कशाला?"

"फाटलाय."

"ते मला माहीत आहे, मास्तर."

"नीट करून देतो. पैसे नकोत."

म्हातारीने जरा विचार केला आणि कोट उतरवून दिला. दिवसभर ती माझ्या दुकानात ताईची शाल पांघरून बसली. बसल्या बसल्या तिने चष्म्याच्या चार-पाच फ्रेमी लावून पाहिल्या. आरशात बघत विचारलं, "यातल्या कुठल्या फ्रेमीत मी श्रीमंत दिसते?" मी म्हटलं, "सोनेरी." तिने ती हलक्या हाताने काढून ठेवली. "मग ही नको," ती म्हणाली.

पलीकडे दाजींनी कोटाची दुमड उलटली तर दुमड जागेवर नव्हतीच. कडा झिजून झिजून नुसत्या दशा राहिल्या होत्या. खिशाच्या आत पाहिलं, कॉलरखाली पाहिलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. थोडा वेळ ते टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग उठून खिळ्यावरचा आपला कोट काढला, त्याची दुमड उसवली आणि धागा ओढायला लागले. मी दारातून हे पाहिलं. ते मनात जपून ठेवलं, कारण मेहुण्याला चिडवायला असं काही हाताशी असावं लागतं.

संध्याकाळी त्यांनी कोट पसरला. "शोधा."

म्हातारीने बाही उजेडात धरली, पालथी केली, पुन्हा सरळ केली. "नाही दिसत बाई कुठे," ती म्हणाली आणि हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दाजी त्या दिवशी घरी गेले ते जरा ताठच चालत.

मग जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, आणि आलं नाही.

बाही धड झाल्यावर तो कोट चारचौघांसारखा दिसायला लागला, आणि कोटातली बाईही. पायरीवर टेकलेली घरंदाज आजी. पहारेकरी मला गमतीने सांगायचा, आज एकाने तिला बँक किती वाजता उघडते ते विचारलं. आज एक बाई तिच्याशेजारी बसून आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगून गेली, जाताना म्हणाली, तुमच्याशी बोलून बरं वाटलं. हात पुढे केला तर लोक गोंधळायचे, तिला धरून रस्ता ओलांडून द्यायचे. इकडून तिकडे सोडली की ती पुन्हा इकडे यायची. आम्ही हसलो. एके दिवशी पहारेकरी हे सांगताना हसला नाही. म्हातारी रात्री बसथांब्याच्या बाकावर झोपते आहे, असं त्याने सांगितलं.

त्याच दुपारी ती दाजींच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिथेच होतो. ती ताकाला येऊन भांडं लपवणारी नव्हती. कोट काढून तिने टेबलावर ठेवला.

"मास्तर, ही बाही उसवून द्या."

"म्हणजे?"

"होती तशी करून द्या. तुमचं काम चांगलं आहे, ऊबही येते. पण माझ्या पोटावर आलं. लोकांना वाटतं मी बसची वाट बघते आहे. काल खाट नव्हती, आज नसेल. या थंडीत बाकावर मी किती दिवस काढणार?"

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. माझी जीभ अशा वेळीही थांबत नाही. "दाजी," मी म्हटलं, "भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात, तशातली गत झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाही पसरली, दिवा खाली ओढला, बारीक कात्री घेतली. बाही फिरवली. उलटी केली. पुन्हा सरळ केली. मग माझ्यापुढे हात केला, आणि मी दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग आणून दिलं. आम्ही दोघं त्या बाहीवर वाकलो. मला काही दिसेना. त्यांनाही दिसेना. एरवी या गोष्टीचा त्यांना कोण अभिमान वाटला असता. आता त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"सापडत नाही," ते म्हणाले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

म्हातारीने पुढे येऊन कोपराच्या वर बोट ठेवलं. "इथून सुरू होतं."

दाजींनी भिंग धरलं. तिच्या बोटाखाली एक धागा बाकीच्यांहून जरासा गडद होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"वारा इथूनच यायचा, मास्तर. ती जागा विसरेन कशी?"

दाजींनी कात्री उचलली आणि परत ठेवली. खरं तर कुठेही कात्री चालवली असती तरी काम भागलं असतं. पण जन्मभर भोकं बुजवलेला तो हात, आणि तिथून वारा येणार हे आता सांगून झालेलं. ते मागे खिळ्याकडे वळून बघत राहिले. त्यांच्या कोटाची उसवलेली दुमड अजून तशीच लोंबत होती. मला बोलायची ती वेळ होती, आणि मला बोलावंसं वाटलं नाही. त्या घटकेला मला त्यांच्याबद्दल नुसती माया वाटली.

मग त्यांनी गल्ला उघडला.

"सापडलं," ते म्हणाले. "सापडलं तर मजुरी नाही."

"मजुरी तुम्ही घेतलीच कुठे होती?"

"घेतली नसेल तर उलटी द्यावी लागते. तसा नियम आहे."

असा कुठलाही नियम नव्हता. त्यांनी खाटेचे आणि वर जेवणाचे पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने पैशांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आणि उद्या?"

"उद्या परत शोधा. रफू बसत जातं हळूहळू. रोज बघायला हवं."

ती गेल्यावर मी म्हटलं, "दाजी, हे ठिगळ नाही का?"

"असेल," ते म्हणाले. आपला कोट खाली काढून ते दुमड शिवायला बसले होते. "ठिगळाने थंडी अडते."

त्यांचा विचार बदलला असं मात्र मी म्हणणार नाही. भीक देऊ नये, हे ते मला अजून सांगतात, आणि मी अजून देतो. फक्त रोज संध्याकाळी दुकान आवरायच्या आधी म्हातारी दारात येते, डाव्या बाहीवर बोट ठेवते आणि म्हणते, "इथे." दाजी दिवा खाली ओढतात, नीट वाकून बघतात, "सापडलं" म्हणतात आणि गल्ला उघडतात. घाई असली तरी बघितल्याशिवाय देत नाहीत. ती अजून पायरीवर बसते, पण गाऱ्हाणी ऐकून झाली की आता लोकांना रस्ताही तीच सांगते.

परवा ताई दुकानात आली होती. म्हातारी आली ती तिच्याशी कसल्याशा गप्पांत रंगली, दात नसल्याने काय काय खाता येत नाही ते सांगत सुटली. बोलता बोलता, न बघताच, तिने बाहीवर बोट ठेवलं. "इथे."

बोट उजव्या बाहीवर होतं. ती बाही कधी फाटलीच नव्हती. वारा कुठून यायचा, ते ती विसरली होती.

मी तोंड उघडलं. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं. दाजींनी दिवा खाली ओढला, भिंग घेतलं आणि त्या धडधाकट कापडावर रोजच्यासारखे वाकून बराच वेळ बघत राहिले.

"सापडलं," ते म्हणाले, आणि गल्ला उघडला.