ताईचा टाक

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचं पत्र आलं, त्याच आठवड्यात ताई बाळंतपणात गेली. मी बदलापूरची, नुकती सातवीची फायनल पास झालेली, मास्तरीण व्हायचं खूळ डोक्यात घेतलेली. ते खूळ ताईनंच भरवलं होतं. तेराव्यानंतर आई म्हणाली, "त्या तान्हीला सावत्र आई येऊ द्यायची का गं?" झालं! अंबरनाथला भावोजींच्या घरी मी बायको म्हणून गेले. अट एकच घातली, पोर दोन वर्षांची झाली की मी ट्रेनिंगला जाणार. ते हो म्हणाले. पुढे कितीतरी दिवस माझ्या तोंडून "भावोजी"च निघायचं आणि सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या.

लग्नातच माझ्या गळ्यात ताईचा टाक आला, तिच्या नावानं बाईची आकृती ठोकलेला चांदीचा पत्रा. बिजवराशी लग्न केलं की पहिलीचा टाक घालायचा, अशी रीत. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, सणाचा पहिला घास त्याला दाखवायचा. सकाळी गळ्याला गार लागायचा मेला! कुंकू लावायला बसले की वाटायचं, ताई बघतेय, तिच्या आरशात, तिच्या जागी मला. भीती वाटायची, खरंच सांगते.

पोरीला मी मुद्दाम "मावशी" म्हणायला शिकवलं. तिनं आई म्हटलं असतं तर माझा पाय निघालाच नसता. "आई कुठाय?" विचारलं की ती माझ्या गळ्यातल्या टाकावर बोट ठेवायची.

दोन वर्षांनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा पत्र आलं. हे शब्दाला जागले. कारखान्यातून येताना माझ्यासाठी ट्रंक घेऊन आले. निघायच्या सकाळी, सासूबाई नको नको म्हणत असताना, मी टाक काढून देव्हाऱ्यात ठेवला. म्हटलं, ताई, आता तुझी लेक तू सांभाळ. पोरीला उचलून दाखवलं, "ती बघ आई."

तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या उघड्या गळ्यावर, टाक असायचा तिथंच, बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई."

आनंद झाला असं वाटेल तुम्हाला. छे! ताईचा असा संताप आला की ट्रंकेतली लुगडी मी भिंतीवर फेकली. मग टाक गळ्यात घातला. "जिंकलीस गं बये," म्हटलं आणि हमसून हमसून रडले.

पुढं उल्हासनगरच्या कॅम्पात, एका बराकीतल्या शाळेनं मला बिनट्रेनिंगचीच घेतली. सिंधी पोरांना मराठी बाराखडी शिकवायची. पाटी बघायला वाकले की टाक पदराबाहेर यायचा. पोरं विचारायची, "बाई, ही कोण?"

"माझ्या मुलीची आई," मी सांगायचे, आणि टाक पुन्हा आत सारायचे. तो गारच असायचा.