कप वेगळा, सुई एक

वन्सं गेल्याचा फोन सकाळी आला. दुपारी त्यांना मिरजोळ्याच्या घरी आणलं तेव्हा अंगणात बायका पुष्कळ जमल्या होत्या, पण अंघोळ घालायला एकही पुढे येईना. कुसुमवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स. त्यांच्या रक्तात ‘ब’ कावीळ होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. लपवली असती तर निदान शेवटची अंघोळ तरी धड मिळाली असती... इतका वैताग आला मला.

पण मी कोणत्या तोंडाने बोलणार? तरुणपणी एका रोग्याला टोचलेली सुई टोपणात घालताना वन्संच्या बोटात घुसली, त्यातून हे दुखणं आलं. घरी येऊन त्यांनी सरळ सांगून टाकलं. तेव्हाची मी म्हणजे मॅट्रिकपर्यंत शिकलेली महाशहाणी. लगेच त्यांच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधला, ताट वेगळं, पाट वेगळा. त्या निमूट त्याच कपातून चहा प्यायच्या. मग एकदा कलमांच्या बागेत त्यांच्या पायात काटा मोडला. आमच्याकडे काटे काढायची एकच सुई, कॅलेंडरला टोचून ठेवलेली. गडी, पोरं, पाहुणे, सगळ्यांच्या पायांना तीच. मी मोठ्या मायेने वन्संचा काटा काढला, सुई पदराला पुसली आणि माझ्या धाकटीचा पाय मांडीवर ओढला. त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी वाढली.

“कप वेगळा आणि सुई एक? अगो वहिनी, कपाने काही होत नाही. रक्ताने होतं. सगळं उलटं करत्येस तू.”

त्यानंतर मात्र त्यांनी माझा पिच्छाच पुरवला. रक्ताला उघडा हात लावायचा नाही, आपल्या हाताला कापलं असेल तर आधी पट्टी, दाढीचं पातं नि दातांचा ब्रश ज्याचा त्याला, आणि घरातल्या प्रत्येकाला लस. दुसऱ्या डोसाला मी बुरोंडीला माहेरी पळाले, तर ही बाई एस्टीने मागोमाग हजर!

तर त्या दुपारी अंगणातली एक शेजारीण म्हणाली, लांबूनच पाणी शिंपडा, उगाच हात कशाला लावता. मी सुनेला हातमोजे आणायला लावले. वन्संच्या हातावर सलाईनच्या जागी रक्त झिरपत होतं, तिथे पट्टी लावली. माझं बोट विळीने कापलं होतं, त्यालाही लावली. सून ऊन पाणी ओतत होती, मी त्यांना हळूहळू न्हाऊ घातलं. मग हातमोजे काढले, साबणाने हात धुतले आणि उघड्या हातांनी त्यांचे केस विंचरले. गालांवरूनही हात फिरवला. बायका बघत राहिल्या... पुढे कोणी आली नाहीच.

तेराव्यानंतर तीच शेजारीण हळूच विचारते, साड्या जाळायच्या ना?

“होय तर,” मी म्हटलं, “नेसून फाटल्या की.”

काल त्यांतलीच जांभळी नेसून तिच्याकडे चहाला गेले. साडीला वन्संच्या कपाटातल्या कापराचा वास अजून आहे. साडी ओळखून ती जरा मागे सरकली. निघताना मी तिला गच्च मिठी मारली आणि बराच वेळ सोडलीच नाही.