अक्काचा नामंजूर अर्ज

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी जळकोटहून फोन आला, "बाई, आपली अक्का गेली..." आदल्याच महिन्यात तिला भेटून आले होते. ती 'बसा की जरा' म्हणत होती आणि मी मेली एसटी चुकेल म्हणून उठले. ती घाई आता जिवाला लागून राहिली आहे.

बसव्वाअक्का आमच्या गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष, मी तिथली शाळेची बाई. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ आला. मंडळाच्या बालवाडीतला आड आटला. खिचडीलाच पाणी नाही म्हटल्यावर बालवाडी बंद पडायची वेळ आली. लातूरच्या काही डॉक्टर-व्यापाऱ्यांनी मिळून जिल्ह्यातल्या लहान संस्थांसाठी निधी उभारल्याचं कानावर आलं, तेव्हा आड खोल करायला मदत मागायचं ठरलं. नोंदणीचा दाखला, मंडळाचा ठराव, श्रमदान करणाऱ्या बायांचे अंगठे, सगळं जोडून मी अर्ज लिहिला. माझ्या अक्षराचा मला भारी तोरा होता.

निधीची माणसं पाहणीला आली. त्या दिवशी बायांनी काय करावं? पहाटेच तळ्यापर्यंत पायपीट करून घागरी आणल्या, अंगणात सडा घातला, लेकरांना न्हाऊ घातलं, पाहुण्यांना पाय धुवायला बादली भरून ठेवली. पाहुणे खूश झाले आणि आठ दिवसांनी पत्र आलं... गावात टंचाई दिसली नाही, सबब अर्ज नामंजूर. मी अक्कावर उखडलेच. "अगं, एक दिवस रांजण रिकामे ठेवायला काय झालं होतं?"

"पाव्हणा दारात आल्यावर कोरडा रांजण दावायचा व्हय, बाई? लई वंगाळ दिसतंय ते."

"मग बालवाडीला कुलूप लाव."

तिनं कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "लिवा. तुमी पाय धुतले ते पानी कुटून आणलं, ते बगाया या."

मी कुरकुरतच लिहिलं. असल्या पत्राला कोण भीक घालतंय, असं वाटत होतं. पण ते आले. अक्कानं त्यांच्यातल्या डॉक्टरांच्या हाती एक घागर दिली आणि तळ्याची वाट धरली. परतताना अर्ध्या वाटेतच डॉक्टर खाली बसले. अक्कानं त्यांची घागर आपल्या कमरेवर घेतली, डोक्यावर स्वतःची होतीच, आणि वर त्यांनाच म्हणाली, "सावकाश या, डॉक्टरसाब." त्या उन्हाळ्यात आड खोल झाला. बालवाडी एक दिवसही बंद राहिली नाही.

पुढं माझी बदली नांदेडला झाली, तरी मंडळाचे अर्ज माझ्याकडेच यायचे. अक्का सांगायची, मी लिहायची. माणसं पुष्कळ भेटली, पण तिच्यासारखं हक्कानं 'लिवा' म्हणणारं कुणी भेटलं नाही. तिची फार आठवण येते.

परवा मंडळाच्या दोघी मुली नवा अर्ज घेऊन आल्या. बालवाडीचे पत्रे बदलायचे आहेत. मी भराभर रकाने भरत गेले. 'संपर्क व्यक्ती' असा रकाना आला आणि हातानं सवयीनं तिचं नाव लिहिलं. खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही, सोमवारच्या आत दुसरा कोरा आणायला हवा. तो आणीनही. पण हा टेबलावरच पडून आहे... काट मारायला हात धजत नाही.