श्रद्धांजलीचा कोपरा

ईश्वर आंब्र्यांना माणसं आवडत नसत. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही, उलट भाईंदर पूर्वेच्या नाक्यावर रोज सकाळी खडूने लिहून जाहीर केली.

परळच्या चाळीतली खोली विकून त्यांनी भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीत दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला, विमा कचेरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि मग दिवसभर करायचं काय हा प्रश्न पडला. बायको उर्मिला म्हणाली, "भाजी आणत जा." दोन दिवस आणली. तिसऱ्या दिवशी भाजीवाल्याशी भांडून आले. मग नाक्यावरच्या मंडळाच्या फळ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. लिहिणारा पोरगा नोकरीला लागून निघून गेला होता आणि फळा धूळ खात होता. फळ्याची जबाबदारी होती शेजारच्या दुकानातल्या बाबाजी शिर्के टेलरकडे. बाबाजींनी एकदा आंब्र्यांचं अक्षर पाहिलं आणि खडूची पेटी त्यांच्या हातात दिली. भाईंदरवर ही आपत्ती अशी आली.

फळ्याची रीत ठरलेली होती. वर मंडळाचं नाव, मधे ताजी बातमी आणि तिच्यावर दोन ओळींचा चिमटा. खाली डाव्या कोपऱ्यात चौकट आखलेली, तिच्यात भावपूर्ण श्रद्धांजली. परिसरात कोणी गेलं की नाव त्या चौकटीत यायचं. लोक जाता जाता मान वळवायचे, नाव वाचायचे, छातीला हात लावून पुढे व्हायचे. अंत्ययात्रेची वेळ सोडून पुढचा मजकूर कोणी वाचत नसे. नाव आलं म्हणजे माणूस गेला, यात शंका घ्यायची कोणाला गरजच पडली नव्हती. दोन वाजता अंत्ययात्रा लिहिलं की दोन वाजता पन्नास माणसं हजर व्हायची, फोन करावा लागत नसे.

आंब्र्यांचा चिमटा मात्र चिमटा नव्हता, सांडशी होती. नळाला पाणी नाही, लिहा. वीज जाते, लिहा. कॉलेजची पोरं बाइकवर तिघं बसतात, पोरी केस मोकळे सोडून लेक्चरला जातात, कॅन्टीन भरलेलं आणि वर्ग रिकामे, लिहा. "येथे शिक्षण सोडून सर्व काही मिळते," असं एकदा कॉलेजच्या फाटकासमोरच्या फळ्यावरही जाऊन लिहून आले. पोरं त्यांना 'खडूस' म्हणायची. त्यांना ठाऊक होतं. त्यांना ते आवडायचं.

"आंब्रे, कधीतरी चांगलंही लिहा की," बाबाजी मशीन चालवता चालवता म्हणायचे.

"चांगलं घडू द्या, लिहितो."

बाबाजी हसायचे आणि चहा मागवायचे. सबंध भाईंदरात आंब्र्यांबरोबर रोज चहा पिणारा हा एकच माणूस होता. बायको गेलेली, मूलबाळ नाही, महाडकडचा एक भाचा तेवढा अधूनमधून यायचा. आंब्र्यांचं बोलणं त्यांना का सोसवत होतं, कोण जाणे. दिवसभर मशीनचा खडखडाट ऐकून कान बधिर झाले असावेत.

२००७ च्या मार्चमध्ये आपला संघ वर्ल्ड कपमधून पहिल्याच फेरीत गारद झाला आणि आंब्र्यांना सुचू नये ते सुचलं. त्यांनी बातमी मधे लिहिलीच नाही. ती खालच्या चौकटीत घातली. "भावपूर्ण श्रद्धांजली. भारतीय क्रिकेट. जाहिरातींच्या अतिसेवनाने निधन." नाक्यावर गर्दी झाली. लोकांनी मोबाइलवर फोटो काढले. ज्यांनी कधी नमस्कार केला नव्हता ते थांबून म्हणाले, "वा आंब्रे!" पलीकडच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीतून माणसं फळा बघायला आली. साठीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या आणि त्या त्याच्या डोक्यात गेल्या.

बाबाजी मात्र हसले नाहीत. "त्या कोपऱ्यात नका लिहू," एवढंच म्हणाले.

आठवड्याने नवघरच्या मैदानावर कॉलेजांची टेनिस बॉलची स्पर्धा झाली. आपलं कॉलेज फायनलला वसईच्या कॉलेजकडून हरलं. शेवटच्या षटकात कॅप्टनच्या हातातून सोपा झेल सुटला. कॅप्टन निकेत वैती, समुद्रकाठच्या पाली गावचा, कोळ्यांचा पोर. आंब्रे सामना बघायला गेले होते. त्यांना खेळ आवडत नसे, हरणारे आवडत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चौकट नव्याने आखली आणि आपल्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: "भावपूर्ण श्रद्धांजली. निकेत वैती, पाली." आणि खाली बारीक अक्षरात, "झेल हातातून निसटल्याने मैदानावरच प्राणज्योत मालवली."

मग खडूचे हात झटकून ते घरी जाऊन पोहे खात बसले.

निकेतची आई सुगंधा भाईंदरच्या बाजारात मासे विकायची. त्या सकाळी ती आधीच घाबरलेली होती, कारण हरल्याच्या लाजेने पोर रात्री घरी आला नव्हता आणि त्याचा फोन बंद होता. तो बेव्हर्ली पार्कात मित्राकडे झोपला होता, पण हे तिला कोण सांगणार? टोपली घेऊन ती आणि तिची जाऊ शेवंती नाक्यावरून निघाल्या. सुगंधाला वाचता येत नव्हतं. शेवंतीला येत होतं. शेवंतीने सगळ्यांसारखी मान वळवली, कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि तिच्या तोंडून किंकाळी निघाली. पुढची बारीक ओळ तिने वाचली नाही. त्या कोपऱ्यात नाव वाचल्यावर पुढे कोण वाचतं?

सुगंधाने टोपली टाकली आणि रस्त्यातच बसली. पालीला निरोप गेला. गावात चुली विझल्या. निकेतचा बाप राघो समुद्रावर होता, त्याच्या बोटीला माघारी बोलावलं. आणि दहाच्या सुमारास निकेत वैती डोळे चोळत, चहाची चव तोंडात घेऊन, बाजारात आईला पैसे मागायला आला.

आईने आधी त्याला दोन कानाखाली लावल्या. मग त्याला मिठीत घेऊन इतकी रडली की अख्खा बाजार रडला. मग ती उठली आणि फळ्याकडे निघाली. मागून बाजारातल्या पंधरा-वीस बायका.

आंब्रे तोवर नाक्यावर आले होते, टाळ्या गोळा करायला.

"माझा पोर जिता हाय," सुगंधा म्हणाली. "तू कसा मारलास त्याला?"

"बाई, खालचं वाचा ना. विनोद आहे तो."

"मरणाच्या कोपऱ्यात कोण इनोद लिवतो रं? तुझ्या घरात मेलं न्हाय कोण कधी?"

"तुम्हाला वाचता येत नाही यात माझी काय चूक?"

निकेत पुढे सरसावला तर शेवंतीने त्याचा शर्ट धरला. सुगंधाने हात वर केला नाही, शिवी दिली नाही. फळ्याकडे बोट दाखवलं. "पूस. तुझ्या हातानं पूस."

"मी कोणाच्या सांगण्यावरून पुसत नाही."

बाबाजी दुकानातून उठून आले. हातातल्या अर्धवट शिवलेल्या कापडानेच त्यांनी ते नाव पुसून टाकलं आणि सुगंधाला हात जोडले. मग आंब्र्यांकडे वळले. "उद्या माफी लिहा."

"का म्हणून?"

"लोक या कोपऱ्यावर विश्वास ठेवतात म्हणून. तो विश्वास गेला तर तुमच्या अक्षराला विचारतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी आंब्र्यांनी लिहिलं: "विनोद कळायला आधी साक्षर व्हावे लागते." नाक्यावर हसणारे हसले. हसणाऱ्यांची कमी कधीच नसते. बाबाजींनी त्या दिवशी चहा मागवला नाही. चार-सहा दिवसांनी पुन्हा मागवला, कारण भांडण ओढून धरायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण खडूची पेटी त्यांनी काढून घ्यायला हवी होती, आणि ती घेतली नाही, ही त्यांची चूकच म्हटली पाहिजे.

त्यानंतर तो कोपरा आंब्र्यांनी आपलाच करून टाकला. वीज गेली की विजेला श्रद्धांजली. कॉलेजचा निकाल लागला की अकलेला श्रद्धांजली. कबड्डीचा संघ हरला की कबड्डीच्या गुडघ्यांना श्रद्धांजली. लोक सकाळी विचारायचे, "आज कोणाला मारलं रे खडूसने?" मधेच एखादं खरं नाव यायचं, पण मग घरचे लोकच शहाणपणाने फोन करून कळवत. पावसाळ्यात एका पेन्शनर बाईंच्या मुलाने तर आंब्र्यांना सांगितलं, "आईचं नाव फळ्यावर नको, लोकांना मस्करी वाटेल." आंब्र्यांनी खांदे उडवले. त्यांना तो अपमान वाटलाच नाही, कौतुक वाटलं.

गणपतीत बाबाजींच्या छातीत दुखायला लागलं. भाच्याने त्यांना मुंबईच्या हॉस्पिटलात हलवलं. इकडे आपला संघ वीस षटकांचा वर्ल्ड कप जिंकला. फटाके, ढोल, गुलाल, आणि त्यातच विसर्जन. आंब्र्यांनी लिहिलं, "वीस षटकांच्या तमाशाला क्रिकेट समजणाऱ्यांच्या बुद्धीस श्रद्धांजली." जिंकल्याचा राग येणारा माणूस दुर्मीळच, पण लोक तेही वाचून हसले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. बाबाजी पहाटे गेले. तो म्हणाला, "मी बॉडी दुकानावरच आणतो. मामाची इच्छा होती, नाक्यावरून न्या म्हणून. तुम्ही फळ्यावर लिहा, माणसं जमतील."

आंब्र्यांनी फळा पुसला. अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं. एकही शब्द जास्तीचा लिहिला नाही. "भावपूर्ण श्रद्धांजली. बाबाजी शिर्के, टेलर. अंत्ययात्रा आज दुपारी तीन वाजता, दुकानापासून." मग दुकानाच्या पायरीवर बसून रडले. येणारेजाणारे मान वळवत होते, वाचत होते, पुढे जात होते. छातीला हात कोणी लावला नाही. आंब्र्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

दुपारी अँब्युलन्स आली. भाचा, ड्रायव्हर, उर्मिला आणि आंब्रे. दुकानाच्या आत तिरडी बांधून झाली, तीन वाजून गेले आणि नाका नेहमीसारखा वाहत राहिला. मंडळाची पोरं रात्रभर विसर्जन करून फोन बंद ठेवून घोरत पडली होती. भाचा घड्याळाकडे बघत म्हणाला, "मामाला तर अख्खं भाईंदर ओळखायचं ना?"

आंब्रे उठले. पुढच्या गल्लीतल्या किराणा दुकानात गेले. हंसाबेन गल्ल्यावर होत्या. त्यांचे सगळे ब्लाउज बाबाजींनीच शिवलेले.

"हंसाबेन, बाबाजी गये. चलो."

"पढ़ा, आंब्रेभाई, सुबह ही पढ़ा!" हंसाबेन खळखळून हसल्या. "टेलर को भी नहीं छोड़ा आपने!"

"सच में गये."

"हां हां, सच में," म्हणत त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

दोन बिल्डिंगांमधून आंब्रे फिरले. एकाने दार उघडून पाठ थोपटली, एकाने दार न उघडताच आतून सांगितलं की वाचलं, मस्त होतं, पण आजारी माणसाची थट्टा जरा जास्तच झाली. आयुष्यभर माणसांवर चिडलेला हा माणूस आता माणसांच्या दारात गयावया करत होता आणि माणसं त्याला शाबासकी देत होती. तिरडी उचलायला चार खांदे हवे होते. त्यांच्याकडे तीन होते, त्यातला एक अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचा.

कॉलेज सुटत होतं. फाटकाशी पोरांचा घोळका उभा होता, बाइकवर तिघं बसलेले, अंगावर कालचा गुलाल. आंब्र्यांना बघताच एकाने शिटी मारली.

"काका, आजचा एक नंबर!" कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या.

"अरे, खरंच गेलेत बाबाजी. तिकडे पडलेत दुकानापाशी. खांदा द्यायला माणूस नाही. चला रे."

पोरं आणखी हसली. घोळक्यात निकेत वैती होता. तो हसत नव्हता. तो बाइकवरून उतरून आंब्र्यांच्या समोर येऊन उभा राहिला.

"माझ्या वेळी पण खरंच होतं, काका. माझ्या आईला खरंच वाटलं होतं."

"निकेत, हात जोडतो. तुला हवं ते बोल मला, पण नंतर."

"आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? शपथ घ्या."

"कसली शपथ?"

"गळ्याला हात लावून. आईची."

रिक्षावाले बघायला लागले. ईश्वर आंब्र्यांनी खडूने पांढरी झालेली दोन बोटं वर नेली, गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि भर रस्त्यात, शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "आईशप्पथ. बाबाजी गेले."

निकेतच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "मागच्यांना पण कळू दे. मोठ्याने."

आंब्र्यांनी गळा घट्ट धरला आणि पुन्हा, मोठ्याने शपथ घेतली.