खंडेनवमीचे बीटर

आमचे हे कामाला बसले की जेवायलाही उठत नाहीत. बरं, काम काय, तर ड्रमच्या जुन्या बीटरांना परत लोकर फुलवून देणं. मोठ्या ड्रमला पायाने दाबायचं पेडल असतं, त्याच्या दांडीवर लिंबाएवढा लोकरीचा गोळा असतो, तो बीटर. पन्नास वर्षं आपटून आपटून त्याला टक्कल पडतं, दांडी गंजते. शौकीन लोक असले म्हातारे बीटर जपतात आणि ते तरुण दिसावेत म्हणून दिंडोशीला आमच्या घरी आणतात. म्हाताऱ्या माणसांना एवढं कोण विचारतं, सांगा.

मी ह्यांचं नाव घेत नाही, पण सगळे लवूकाका म्हणतात. लोकरीच्या गिरणीत तीस वर्षं वाफेवर कापड फुलवलं. गिरणी बंद पडली, मग वॉचमनकी केली. आमचा भाचा सुशांत बेंजो पार्टीत वाजवतो, त्याने एकदा एक टकला बीटर आणला. ह्यांनी तो रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतला आणि माझ्या मोदकपात्रात वाफवला. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मला नवं मोदकपात्र आलं, जुनं ह्यांनी कायमचं ढापलं. वाफवून झालं की मांजरांच्या ब्रशने विंचरायचं, नखं कापायच्या कात्रीने गोल करायचं, दांडी चिंचेने घासायची. पोरगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखी तयारी.

यंदा दसऱ्याच्या आठ दिवस आधी अंधेरीहून रेवतीबाई आल्या. सत्तरीच्या. तरुणपणी बायकांच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायच्या. मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ड्रमवर चादर. आता सोसायटीच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात त्या वाजवणार होत्या. सोबत आणलेले त्यांचे दोन्ही बीटर एकदम कळकट झाले होते.

हे म्हणाले, "बाई, बीटर समोरून कोणाक दिसत नाय."

"मला दिसतो ना," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं सगळे माझ्याकडे बिचारी म्हणून बघतायत, लवूभाऊ. त्या दिवशी मला माझी एकही वस्तू बिचारी नको."

झालं, हे पेटले. आठ दिवस दुसरा विषय नाही. नवमीच्या सकाळी बीटर दुधासारखे पांढरे.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. मी पाटावर कात्री, ब्रश आणि मोदकपात्र मांडलं, शोभा म्हणून बाजूला बीटर ठेवले. हे फुलं आणायला गेले होते. मी बोटावर हळदकुंकू घेतलं आणि सवयीने लावत गेले. कात्रीला लावलं, ब्रशला लावलं, दोन्ही बीटरांना लावलं, वर अक्षता टाकल्या. हात जोडल्यावर काय केलं ते कळलं.

धावत जाऊन साबण चोळला. साबण लागला की हळद लाल होते हे चाळीस वर्षं पदर धुऊन मला पाठ आहे, पण घाबरलं की अक्कल चरायला जाते. पांढऱ्या लोकरीवर रुपयाएवढे लालभडक डाग. हे फुलं घेऊन दारात उभे.

"वाट लागली गो," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. रिठा झाला, लिंबू झालं, दिवसभर ऊन दाखवून झालं. हळद थोडी गेली, कुंकू काही हटलं नाही.

दसऱ्याला अकरा वाजता रेवतीबाई आल्या. माझ्या हातून झालं असं सांगतो, असं हे म्हणत होते. मी म्हटलं, माझं पाप मी सांगते, आणि सांगून टाकलं. बाईंनी बीटर हातात घेऊन फिरवला. मला वाटलं आता रडणार, तर त्या हसल्या.

"हे गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, वनमालाताई. समोर असले तरी करंडा दुसरीकडे वळतो. ह्या बीटरांना बरं न मागता मिळालं."

हसत बोलल्या, पण मला लागलं. रागच आला, सगळ्यांचा आणि जास्त माझा, कारण शेजारच्या शकुचा नवरा गेल्यावर मीही करंडा असाच वळवला होता. मी आत जाऊन तो आणला.

"हत्यारांची पूजा झाली, वाजवणारी राहिलीच," म्हटलं आणि त्यांच्या कपाळाला लावलं. मी बुटकी, म्हणून त्यांनी मान जरा खाली केली. हे पाठमोरे बसून केव्हाच पुसून झालेली दांडी परत पुसत होते.

संध्याकाळी त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जायला निघालो, तेव्हा मी आधी शकुचं दार वाजवलं. तिला कुंकू लावलं, माफी मागितली आणि सोबत घेतलं.

रेवतीबाई डागाचाच बीटर लावून बसल्या. पहिल्याच ठोक्याला खुर्च्या हादरल्या. माझ्या दुसऱ्या बाजूला त्यांच्याच बिल्डिंगमधली एक बाई होती. ती कानाशी लागून म्हणाली, "यांचे मिस्टर नाहीत ना? मग कपाळाला कुंकू?"

मी म्हटलं, "कपाळ काय बघताय, पाय बघा बाईचा."