माने सर आणि ऑक्सिजनची रेघ

संशयी माणसाबरोबर काम केलं की किस्से जमवावे लागत नाहीत, कपाटामागं धूळ साठावी तसे साठतात. सांगलीच्या आमच्या कॉलेजात माने सरांकडे आम्ही दोघं पीएचडी करत होतो, मी आणि उंब्रजची ज्योत्स्ना. 'लाइट आली' म्हटलं तरी सर आधी बटण दाबून बघणार.

ज्योत्स्नाचा विषय बटू दीर्घिका, म्हणजे लहानखुऱ्या आकाशगंगा. अशा दीर्घिकेतला सूर्यासारखा तारा मरताना वायू बाहेर टाकतो, तो ग्रहीय तेजोमेघ. त्याचा प्रकाश फोडला की प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली रेघ दिसते. त्या रेघांवरून कळतं, तारा जन्मला तेव्हा तिथं ऑक्सिजन किती होता.

*

कॉलेजच्या समितीतल्या एका सरांनी तिला विचारलं, यात ग्रह कुठंयत? ती म्हणाली, ग्रह नाहीतच. जुन्या दुर्बिणीतून ते ग्रहासारखे गोल दिसायचे, म्हणून ते नाव. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे नावातच फसवणूक. पुढं काय भरवसा?"

*

मुलगी नक्की करते काय, हे बघायला तिचे वडील आले. रिटायर्ड सुभेदार. स्क्रीनवरच्या रेघा बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "आवं सर, ही रेघ ऑक्सिजनचीच हाय, कशावरनं?"

माने सर एवढे खूश झाले, की त्यांना कँटीनमध्ये घेऊन गेले. ज्योत्स्नाला मात्र सगळी मोजमापं पुन्हा करायला बसवलं.

*

पण खरी अडचण पुढंच होती. ऑक्सिजनची एक फिकट रेघ असते. तिच्यावरून वायूचं तापमान निघतं, आणि त्याशिवाय ऑक्सिजनचा हिशोब लागत नाही. ज्योत्स्नाची दीर्घिका आपल्याकडं येत होती, त्यामुळं ही रेघ सरकून नेमकी रस्त्यावरच्या पाऱ्याच्या दिव्याच्या रेघेवर बसली. सर म्हणाले, "तू दीर्घिका मोजलीस का दुर्बिणीजवळच्या गावातला खांब?"

ती त्या दिवशी जेवली नाही. घरी लग्नाची बोलणी चालली होती, थीसिस लांबला तर सगळं तिथंच थांबणार होतं. मग तिनं तेजोमेघाच्या शेजारच्या रिकाम्या आकाशाचा प्रकाश घेतला. दिव्याचा उजेड तिथंही होताच. तो मूळ प्रकाशातून वजा केला. खाली बारीकशी रेघ शिल्लक राहिली. सरांनी स्वतः वजा करून बघितलं, मग मला करायला लावलं. रेघ हलली नाही.

*

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी शेवटी सरांना विचारलं, तुमची काही शंका?

सर म्हणाले, "नाही."

टाळ्या झाल्या. सुभेदारांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. ज्योत्स्नाचा चेहरा उतरला होता. तिनं मला बाजूला ओढलं.

"सरांना शंका नाही? कायतरी चुकलंय."

आणि तिथंच जिन्यावर बसून तिनं लॅपटॉप उघडला.